पेढ्याचं रक्त

कुत्र्याचं नाव कुणी पेढा ठेवतं का. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लीनानं आणि तिच्या नवऱ्यानं ठेवलं. पोर झालं की पेढे वाटतात, नोकरी लागली की वाटतात, आणि या नाशिकच्या शिकलेल्या माणसांनी ते नाव रस्त्यावरून उचललेल्या एका पिवळट, लांब तोंडाच्या जनावराला दिलं, ज्याच्या कानाच्या आत गोचिडी राहतात.

मी शहरबानू. कुवेतमधल्या मंगफच्या या इमारतीत माझ्याइतकं जुनं कुणी नाही. आमचे हे फहाहीलला बकाला चालवायचे, म्हणजे किराणा दुकान. ते गेले, दुकान गेलं, मी मुलाकडे राहिले. शाळा चौथीपर्यंत, तीही होडीनं खाडी ओलांडून, पण मला वाचता येतं, लिहिता येतं आणि माणूस ओळखता येतो.

आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. कुत्र्याचं ओलं तोंड लागलं तर ती वस्तू सात पाण्यांनी धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. हा नियम आहे, माझी लहर नव्हे. त्यासाठी मी गावाहून लाल माती आणते, तुपाच्या जुन्या डब्यात भरून. एकदा इकडे यायला निघताना विमानतळावर एका वर्दीवाल्या हिंदी पोरानं विचारलं, "खालाजी, कुवेतमध्ये माती कमी पडली का?" मी म्हटलं, "बाळा, तिथे वाळू आहे. माती असती तर तू नि मी इथे कशाला उभे असतो, तिथेच शेती केली असती." तो हसला आणि जाऊ दिलं.

तर हा पेढा. लिफ्टमध्ये भेटला की माझ्या ओढणीला नाक लावणार. जिन्यात भेटला की पायाला. मी ओरडले तर शेपटी हलवणार. नमाजाच्या आधी मी कितीदा कपडे बदलले असतील त्याचा हिशेब वर जाऊन मागणार आहे. आणि त्याची लाळ. दोरीसारखी लोंबते, आणि ती पोर, लीनाची ओवी, आपल्या बाहीनं पुसते आणि तीच बाही घेऊन शाळेत जाते.

एक दिवस आमच्या चपलांच्या मांडणीजवळ भिंतीवर काहीतरी चढत होतं. जवळ जाऊन बघितलं तर गोचीड. एरंडाच्या बीएवढी फुगलेली, राखाडी, आणि तिला तिचं वजन उचलत नव्हतं तरी ती वर वर चाललेली. चपलेनं मारली. भिंतीवर डाग पडला, एवढा मोठा. ते रक्त कुत्र्याचं होतं की त्या पोरीचं, की आमच्या घरातल्या कुणाचं, याचा विचार केला आणि दुपारचं जेवण गेलं नाही.

लीना जिन्यात सापडली तेव्हा म्हटलं, "तुमच्या पेढ्याचा प्रसाद खाली पोचला हो."

"मावशी, सॉरी. आम्ही दर महिन्याला औषध लावतो त्याला."

"त्याला लावता. गोचिडींना कुणी कळवलं का?"

ती हसली. ती नेहमी हसते. दात चांगले आहेत तिचे.

मग खबर आली की ही मंडळी चालली. प्रताप, म्हणजे लीनाचा नवरा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनीअर. त्याला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. मी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानला. पण कुत्राही जाणार होता, आणि तो देश म्हणे माणसाला जितक्या पटकन घेतो तितक्या पटकन कुत्र्याला घेत नाही. त्याच्या रक्तात गोचिडीच्या तापाची खूण दिसता कामा नये. दिसली तर कुत्रा इथेच.

ती खूण बघायचं काम आमच्याच घरात होतं. माझी सून असमा. रत्नागिरीला बी.एस्सी. झाली, माझ्या मुलानं, बदरुद्दीननं, लग्न करून इथे आणली. माणसांच्या हॉस्पिटलात जागा मिळाली नाही, मिळाली सुलैबियाला जनावरांच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये. ससाण्यांचं रक्त तपासते म्हणाली, मी गप्प बसले. घोड्यांचं, उंटांचं, तरी गप्प. कुत्र्यांचं म्हणाली तेव्हा बोलले, आणि बोलतेच आहे. दारातून आली की सरळ मोरीत जाते, कपडे वेगळ्या बादलीत. हे तिनं मान्य केलंय. पोरगी गुणी आहे, फक्त हात कुठे घालावा हे तिला कळत नाही.

"काय बघता गो तुम्ही त्या रक्तात?" मी एकदा विचारलं.

"अम्मी, एका काचेवर त्या तापाचे जंतू असलेल्या पेशी आधीच चिकटवलेल्या येतात. त्यावर कुत्र्याच्या रक्तातलं पाणी टाकायचं. कुत्र्याला तो ताप कधी येऊन गेला असेल तर त्याच्या रक्तात त्या जंतूंना ओळखणारं काहीतरी तयार झालेलं असतं, ते जाऊन जंतूंना चिकटतं. मग वरून एक रंग टाकायचा. तो फक्त त्या चिकटलेल्यालाच धरतो. धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. हिरवं चमकलं तर आहे, काळं राहिलं तर नाही."

"आहे म्हणजे कुत्रा आजारी?"

"आजारी असेल, किंवा पूर्वी होऊन बरा झाला असेल. ते या तपासणीत कळत नाही. रक्ताला ओळख राहते, एवढंच कळतं."

"मग बरा झालेल्यालाही अडवणार?"

"त्या देशाला ओळखसुद्धा नको आहे."

कुत्र्याचं सरकारी तपासणीचं रक्त नंतर मोठ्या लॅबला जायचं होतं. आधी आपल्या इथे बघून घ्यावं म्हणून लीनानं असमाला गळ घातली, शेजारधर्म म्हणून. असमानं दवाखाना बंद व्हायच्या वेळी, आपलं काम संपवून, त्याची एक काच केली.

हिरवी चमकली. चांगली लखलखीत चमकली, असमा म्हणाली, आणि घरी येऊन जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खालून भाजी घेऊन येत होते तर ओवी जिन्यात बसलेली, कुत्रा मांडीवर. आवाज न करता रडत होती. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पोरीचं नाक वाहत होतं, ती ते कुत्र्याच्या मानेला पुसत होती, आणि कुत्रा तिची हनुवटी चाटत होता. मी ओढणी आवरून घेतली.

"ऊठ गो, जिना अडवलास," मी म्हटलं.

"ही इज नॉट ईव्हन सिक, आजी," ती म्हणाली. "सकाळी त्याने माझी पोळी पण खाल्ली."

"मग आता काय करणार त्याचं?"

"फैसल अंकलच्या फार्मवर जाणार. बाबांच्या ऑफिसमधले आहेत. देअर आर गोट्स. बाबा म्हणाले, ही विल बी हॅपी." तिनं कुत्र्याचा कान उलटा केला, सरळ केला. "तिकडे ते मला व्हिडिओ पाठवणार."

मी भाजी घेऊन आत गेले. शेत, बकऱ्या, मोकळी जागा. चांगली सोय झाली, असं वाटलं मला.

माझा मासळीचा डबा त्याच आठवड्यात हरवला. तो साधा डबा नाही. चार कड्यांचा, बसका, झाकण इतकं घट्ट की उलटा केला तरी थेंब गळत नाही. जमियातून, म्हणजे इथल्या सरकारी भांडारातून, मी तो स्वतः निवडून घेतला. बांगडा असो, सुरमई असो, हळद-तिखट-कोकमाचं पाणी लावून मासळी त्यातच मुरायची. आतून इतका पिवळा झालाय की मूळ रंग कुणाला आठवत नाही. लीनाला मागे एकदा तळलेले बांगडे त्यातूनच पाठवले होते. तिच्याकडेच राहिला असणार, आणि आता सामान बांधताना ऑस्ट्रेलियाला जाणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

वर गेले. उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकलेलं नाही, तेव्हाही टाकलं नाही. आत खोकी रचलेली, आणि त्यांच्यामधून तो पेढा माझ्याकडे बघत होता.

"माझा डबा," मी म्हटलं.

"कुठला मावशी?"

"चार कड्यांचा. बांगड्यांचा."

"तो मी केव्हाच दिला हो. असमाच्या हातात दिला." तरी आत जाऊन तिनं स्वयंपाकघर बघितलं, भांडी वाजवली, परत आली. "नाही मावशी."

मी निघणार होते. जाता जाता सहज विचारलं, "आणि हा कधी जातोय फैसलच्या शेतावर?"

लीनानं मागे बघितलं. दार ओढून घेतलं आणि बाहेर माझ्याजवळ आली.

"मावशी, तुम्हाला म्हणून सांगते. तुम्हाला तो आवडत नाही, म्हणून तुम्हालाच सांगता येतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लगेच तोंडं वाकडी करतील." ती हळू बोलत होती. "फैसल वगैरे कुणी नाही. सुलैबियाच्या पुढे वाळवंटात एक रस्ता जातो ना, तिथे खूप कुत्री असतात. लोक पाणी-बिणी ठेवतात. प्रतापच्या ऑफिसातल्या दोघांनी जाताना त्यांची तिथेच सोडली. शुक्रवारी ओवी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाणार आहे, तेव्हा प्रताप नेऊन सोडेल."

"या उन्हात?"

"त्यांना सवय असते हो. मुळात तो रस्त्यावरचाच आहे."

"गळ्यातला पट्टा?"

"तो काढणार ना," लीना म्हणाली. "पट्ट्यावर आमचा नंबर आहे."

आणि ती हसली. "तुमची पण सुटका, मावशी."

मे महिना. दुपारी बाहेर पडलं तर चपलेचा तळ रस्त्याला चिकटतो. पाच वर्षं घरात एसीत झोपलेलं जनावर, ज्याला पोरगी पोळी भरवते, ते तिथे सोडणार, आणि गळ्यातून नंबर काढून घेणार, कुणी फोन करून परत आणून देऊ नये म्हणून. गोचीड फुटली तेव्हा जी किळस आली होती तशीच आली. फरक इतकाच की ही माझ्याकडे बघून हसत होती, आणि मला आपल्यातली समजत होती. तिला वाटलं, ज्याला कुत्रा नको त्याला हेही चालेल. माझ्या सात पाण्यांचा अर्थ तिनं असा लावला.

मी काही न बोलता खाली आले. मला न बोलता येतं हे माझं मलाच नवीन होतं.

संध्याकाळी असमा आली, नहाली, भाकरी थापायला बसली. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात पिठात थांबला.

"वाळवंटात?"

"वाळवंटात. पट्टा काढून."

"माझ्या रिपोर्टवरून," असमा म्हणाली. "मी सांगितलं म्हणून."

"तू जे दिसलं ते सांगितलंस. आणि माझा डबा तिच्याकडे नाही. तुझ्या हातात दिला म्हणते. कुठे ठेवलास?"

असमा भाकरी थापत राहिली. ती गोल होती, तरी थापत राहिली.

"असमा."

"लॅबमध्ये आहे, अम्मी."

बदरुद्दीन बाहेर मोबाइल बघत होता, तो उठून दारात आला. त्याला माझा आवाज कळतो.

"लॅबमध्ये," मी म्हटलं. "म्हणजे तू त्यात जेवण घेऊन जातेस."

"नाही." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्या काचा ओलसर जागी ठेवाव्या लागतात, सुकल्या तर बिघडतात. डब्यात ओला टिश्यू घालायचा, त्यावर काच, झाकण लावून गरम कपाटात. लॅबचा मोठा डबा तडकलाय, नवीन मागवलाय. लहान डब्यात फक्त ताळ्याच्या दोन काचा मावल्या, एक आजारी कुत्र्याची, एक निरोगी. आपल्या डब्याचं झाकण घट्ट बसतं म्हणून... एकदाच वापरला, अम्मी."

"कुणासाठी?"

"पेढ्यासाठी."

"माझ्या मासळीच्या डब्यात त्या कुत्र्याचं रक्त," मी म्हटलं.

"रक्त नव्हतं, सीरम होतं, रक्तातलं पाणी," असमा म्हणाली.

"ते कशातून काढलं? दुधातून?"

"अम्मी, मी नवा डबा आणतो," बदरुद्दीन म्हणाला.

"तू आण. दहा आण. ज्यात मी तुझ्यासाठी मासळी मुरवते त्यात उद्या घोड्याच्या लघवीचं पाणी ठेव, तेही मी बघत बसते." मग असमाला म्हटलं, "उद्या तो डबा घरी आण. दोन पिशव्यांत बांधून. कुणी हात लावायचा नाही. त्याचं काय करायचं ते मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी तिनं आणला. बाल्कनीत ठेवला, जमिनीवर. मी हाताला पिशवी गुंडाळून कड्या उघडल्या. आत तो टिश्यू अजून तसाच, वाळून कडक झालेला.

"धुतलाससुद्धा नाहीस," मी म्हटलं. "शिकलेल्या लोकांची ही रीत. काम झालं की तसंच टाकायचं. आमच्या गावात म्हशीचं भांडंसुद्धा..."

असमा ऐकतच नव्हती. ती वाकून टिश्यूकडे बघत होती. पांढऱ्या टिश्यूवर पिवळे डाग होते, गोल गोल, थेंब पडल्यासारखे. झाकणाच्या आतल्या बाजूलाही ओघळ सुकलेले.

"हळद," असमा म्हणाली.

"मग काय केशर असणार? सगळा डबा हळदीचाच आहे."

"अम्मी, हळद मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकते."

ती तिथेच फरशीवर बसली. मग बोलत गेली, माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. कपाट गरम होतं. डब्यात वाफ धरली, झाकणाला हळद होती, थेंब काचेवर पडले. जंतू चमकतात तेव्हा पेशीच्या आत ठिपके दिसतात, आणि पेढ्याच्या काचेवर सगळंच चमकत होतं, पेशीच्या पेशी. तिला वाटलं फारच जोराचं आहे. उशीर झाला होता. ताळ्याच्या दोन काचा बघितल्या, त्या बरोबर आल्या होत्या, म्हणून शंका घेतली नाही. पण त्या लॅबच्या डब्यात होत्या. या डब्यात नव्हत्या.

मला त्यातलं अर्धं कळलं, पण लागणारं अर्धं कळलं.

"म्हणजे कुत्रा साफ आहे?"

"माहीत नाही. म्हणजे त्याची तपासणीच झाली नाही. उरलेलं रक्तही टाकून दिलंय. ताजं लागेल."

"उद्या गुरुवार," मी म्हटलं. "परवा प्रताप त्याला घेऊन जाणार."

असमानं चेहरा हातांनी झाकला. मी तिला रागावणार होते, डब्याचा हिशेब बाकी होता, पण तो मी नंतरवर टाकला. चूक करून बसलेलं माणूस वेगळं आणि लीना वेगळी, एवढं मला दिसत होतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी वर गेलो. मी उंबरा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याच्या घरात बसले, तेही सोफ्याच्या टोकावर, कपडे गुडघ्यापाशी आवळून. केसांचा आणि ओल्या फडक्याचा वास होता. पेढा आला, माझी बोटं हुंगली आणि माझ्या पायाशी आडवा पडला. पाय हलवायला जागा ठेवली नाही.

ओवी आपल्या खोलीत होती, कानाला ते मोठे हेडफोन लावून.

असमानं लीनाला आणि प्रतापला सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. डबा, हळद, थेंब. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "पुन्हा रक्त दिलंत तर नीट करून देते. कदाचित तो साफच असेल."

मला वाटलं होतं आता ही दोघं उठून पोरीला हाक मारतील. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"थँक्स, असमा," प्रताप म्हणाला. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस. पण आता झालं ते झालं."

"म्हणजे?"

"पेढ्याच्या क्रेटचं बुकिंग कॅन्सल केलं. तिकडे जो फ्लॅट मिळालाय तो लगेच कुत्र्याला परवानगी देणार नाही, दुसरा शोधावा लागेल. मग परत टेस्ट, परत थांबा, वेगळं विमान. आम्ही आता मनाची तयारी केली आहे."

"आणि ओवीला पुन्हा आशा लावायची," लीना म्हणाली, "आणि पुन्हा पॉझिटिव्ह आला तर? तिला किती त्रास होईल."

"तिला त्रास होऊ नये म्हणून," मी म्हटलं.

"खरं सांगू का मावशी," प्रताप म्हणाला, आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून माझ्याकडे वाकला, ऑफिसात समजावतात तसा. "रिपोर्ट आला तेव्हा वाईट वाटलं, पण एका अर्थी प्रश्न सुटला. कुणाचाच दोष नाही. तसंच राहू दे ना." मग असमाकडे वळला. "तुझ्याच भल्याचं बोलतोय. मसाल्याच्या डब्यात टेस्ट केली हे तुझ्या लॅबमध्ये कळलं तर तुझी नोकरी..."

आवाज मऊ होता. मऊ आवाजात धमकी देणारी माणसं मी कुवेतमध्ये पुष्कळ बघितली आहेत, पण ती निदान अनोळखी होती.

"मी सकाळीच मारियाला सांगितलं," असमा म्हणाली. मारिया म्हणजे तिच्या लॅबची मुख्य. "खूप बोलली. आता माझी प्रत्येक काच ती स्वतः पुन्हा बघणार आहे. आणि म्हणाली, त्या कुत्र्याचं ताजं रक्त आण."

प्रताप मागे टेकला.

खाली पेढ्यानं झोपेत उसासा टाकला, आणि त्याच्या तोंडाची ओल माझ्या पावलाला लागली. मी पाय काढला नाही. काढला असता तर तो जागा झाला असता आणि बोलणं तुटलं असतं.

"ओवी," मी हाक मारली.

"मावशी, तिला कशाला?" लीना म्हणाली.

"काम आहे. आमच्या बदरूला ईदसाठी बकऱ्या बघायच्या आहेत. फैसलच्या शेतावर बकऱ्या आहेत म्हणत होती ती. रस्ता कुठून, काय भाव सांगतो, जरा विचारते. तिच्या बाबांना माहीत असेल, पण पोरं नीट सांगतात." मी पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्यानं. "ओवी, ये गो बाय."

दार उघडलं. पोरगी बाहेर आली, हेडफोन गळ्यात. "व्हॉट, आजी?" तिला मी त्यांच्या सोफ्यावर बसलेली दिसले, पायाशी कुत्रा, आणि ती तशीच उभी राहिली. असं काही तिनं कधी बघितलं नव्हतं.

मी प्रतापकडे बघितलं. "तू बोलतोस का मी विचारू?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता, एसी चालू असताना. त्यानं लीनाकडे बघितलं, ती फरशीकडे बघत होती.

"ओवी," तो म्हणाला, "असमा आंटीच्या टेस्टमध्ये काहीतरी प्रॉब्लेम झाला होता. पेढ्याची... पुन्हा टेस्ट करायची आहे."

"सो ही माइट बी ओके?"

"हो. माइट बी."

पोरगी बापाच्या पोटाला जाऊन बिलगली. तिच्या आवाजानं कुत्रा उठला, आणि पहिल्यांदा कुणाकडे गेला म्हणाल तर प्रतापकडे. दोन पाय त्याच्या मांडीवर ठेवून त्याचं तोंड चाटायला लागला, गाल, कान, डोळे, सगळं. प्रताप मान फिरवत होता आणि तो पुन्हा पुन्हा चाटत होता. मी आयुष्यभर कुत्र्यांच्या जिभेची किळस केली. त्या दिवशी मला ती जीभ चुकीच्या जागी लागलेली बघवेना.

आम्ही निघालो तेव्हा प्रताप दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "मावशी, ते फैसलचं... तिला नका सांगू. प्लीज."

"शनिवारी रक्त दे," मी म्हटलं. "शुक्रवारी तो या घरात दिसला पाहिजे. मी वर येऊन बघणार आहे."

"तुम्ही सांगणार नाही ना?"

"तो जाईल तुमच्याबरोबर, तर मी सांगणार नाही."

असा सौदा केला मी. जिना उतरताना असमा माझ्या मागून येत होती, तिनं माझा हात धरला. माझा हात कधी कुणी धरत नाही.

शुक्रवारी कुत्रा कुठे गेला नाही. शनिवारी असमा त्याचं रक्त घेऊन आली. नव्या डब्यात काचा ठेवल्या, तिन्ही एकत्र, ताळ्याच्याही त्यातच. अंधाऱ्या खोलीत आधी तिनं बघितलं, मग मारियानं. आजारी कुत्र्याची काच ठिपक्याठिपक्यांनी हिरवी चमकली. निरोगी काळी राहिली. पेढ्याची काळी राहिली.

मग सरकारी रक्त गेलं, तेही साफ आलं, आणि नव्या कागदांची लांबण लागली. प्रताप पुढे एकटा जाणार, लीना, ओवी आणि कुत्रा मागून थंडीत. म्हणजे हा सगळा उन्हाळा तो माझ्या डोक्यावर राहणार, त्याच्या गोचिडींसकट. हे माझ्याच तोंडानं मी ओढवून घेतलं, दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही.

प्रतापनं इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुत्रा मिठीत, खाली इंग्रजीत काहीतरी. बदरुद्दीननं वाचून दाखवलं. आम्ही आमच्या माणसाला मागे टाकत नाही, असं लिहिलं होतं. लोकांनी बदाम टाकले, हात जोडले, तळमजल्यावरच्या हरिश्चंद्ररावांनी तर लिहिलं की असे मालक दुर्मीळ. मी म्हटलं, "बंद कर तो मोबाइल, जेवायचंय मला." जेवण गेलं नाही ते वेगळं.

परवा दुपारी मी दारात बसून कोलंबी सोलत होते. ओवी कुत्र्याला घेऊन खाली उतरली. आमच्या दाराशी आली की आता ती पट्टा आखडून धरते, ते मी शिकवलंय. थांबली.

"आजी, बाबा म्हणाले, त्यांना माहीत होतं पेढा आजारी नाही. ही टोल्ड देम, टेस्ट माय डॉग अगेन. तू होतीस ना तिथे?"

"होते."

"खरंच असं म्हणाले?"

कोलंबीचा धागा माझ्या नखात अडकला होता. मी तो ओढून काढला. पोरगी वाट बघत होती. तिला ते वाक्य हवं होतं, तिकडे घेऊन जायला, त्या नव्या देशात, आणि तिला ते देणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. लीनानं दिलं असतं तर हसून दिलं असतं, आणि तिला ते खरं वाटलं नसतं.

"म्हणाला," मी म्हटलं. "फार चिडला होता. माझा कुत्रा आहे, म्हणाला, पुन्हा तपासा."

"सेम असंच?"

"असंच."

ती हसली, बापासारखी नाही, आईसारखीही नाही, आणि कुत्र्याला म्हणाली, "ऐकलंस?" दोघं जिना उतरायला लागली.

मी मागे बघितलं तर असमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. काही बोलायला तोंड उघडलं, मी हातानंच नको म्हटलं.

थुंकावंसं वाटत होतं. पण पोर अजून जिन्यातच होती, म्हणून गिळलं.